शून्य

ओस्त्रावाला समुद्र नाही.
ओद्रा आहे, आणि तिच्याकडेला
बंद पडलेल्या खाणींचे सांगाडे.
बोहुमिलनं बैठकीच्या खोलीत, खिडकीपासून लांब,
चारशे लिटर समुद्र मांडलाय,
बादलीत मीठ कालवून.

तीस वर्षं मी त्याच्या कॉलरचा कोळसा घासला.
आता तो पाणी घासतो.
मोजे बदलावेत तशा गाळण्या बदलतो,
माशांना दाणे चिमटीनं, तेही मोजून.
दर रविवारी नळीत थेंब सोडून
दिव्यासमोर धरतो:
नायट्रेट शून्य. फॉस्फेट शून्य.
निळाईचा मागमूस नाही.
"बघ," म्हणतो, "इतकं निर्मळ
खाली मी कधी काही पाहिलं नाही."

आणि पोवळी फिकटत चालली.
आधी टोकं, मग फांद्या.
वाळूवर तपकिरी चिकटा,
बुडबुडे धरून बसलेला.

मला त्यातलं काय कळतंय?
पण टायफॉइडमधून उठलेली आमची मिलेना
अशीच दिसायची,
पेजेवर ठेवलेली.

मंगळवारी तो झोपल्यावर
मी फेस काढणारं यंत्र बंद केलं,
गोठवलेल्या कोळंबीच्या दोन वड्या टाकल्या.
मासे आधी बिचकले.
मग रोजच टाकत गेले.

तिसऱ्या रविवारी नळीत पुसटशी निळाई.
तो माझ्याकडे बघत राहिला.
रुमालात खोकला,
सवयीनं रुमाल उघडून काळं शोधलं,
पुन्हा नळी उजेडात धरली.
"एवढं असू दे," म्हणाला.

एका टोकाला जांभळट काहीतरी आलंय.
की दिव्याचाच रंग,
ठाऊक नाही.