हातचा

दुर्रीपासून छक्कीपर्यंत एक मिळवायचा.
सत्ती, अठ्ठी, नव्वी जाऊ द्यायच्या.
दश्शी, गुलाम, राणी, राजा, एक्का
दिसला की एक वजा.
एवढंच.
दुसरीतल्या पोराला जमेल.
फक्त ते चेहरा न हलवता करायचं,
पलीकडच्या टेबलावर कुणी बोंबलत असताना,
आणि मी समोर असताना.

मी माइते. रीनो, नेवाडा.
पाच नंबरचं टेबल, रात्री दहा ते सकाळी सहा,
पेटीत सहा कॅट.

वेंडेल ओक्स मंगळवारी येतो.
स्पार्क्सला शाळेची बस चालवायचा, एकदा म्हणाला.
मी विचारलं नव्हतं.
कॉफीत साखर घालत नाही, तरी ढवळतो.
छोटी पानं पडली की चमचा सुलटा फिरतो,
चित्रं पडली की उलटा.
त्याला वाटतं, कुणाला कळत नाही.
मला तिसऱ्या मंगळवारी कळलं.

माझा बाप मेंढ्या मोजायचा.
बास्क माणूस, एका ट्रंकेनिशी पिरेनीज सोडून आलेला,
रूबीच्या डोंगरात बावीस उन्हाळे काढलेला.
फाटकातून दोन-दोन सोडायचा.
शंभर झाल्या की डाव्या खिशातला एक खडा उजव्या खिशात.
मध्येच कुणी हाक मारली तर ओ द्यायचा नाही,
आईलासुद्धा.
एका संध्याकाळी एक कमी भरली.
कंदील घेऊन गेला तो पहाटे परतला,
मेंढीशिवाय,
आणि पुन्हा पहिल्यापासून मोजायला लागला.

माझ्या गणवेशाला खिसे नाहीत.
कंपनी तसाच शिवून घेते.
टेबल सोडताना तळवे उघडून
छतातल्या काळ्या काचेला दाखवायचे:
बघा, काही नाही.

पण मीही मोजते.
अकरा वर्षं.
दुकानात, सिग्नलला, चर्चमधल्या टोप्या.
एकदा लागलं की सुटत नाही ते.

त्या मंगळवारी अधिक चौदा झाले होते,
पेटीत दोन कॅट उरलेले.
चौदाला दोनाने भागा. सात.
सगळे राजे, सगळ्या राण्या आत दाटीवाटीने,
फाटक उघडायची वाट बघत.
चमचा थांबला.
वेंडेलने रोजच्या पंधरा डॉलरच्या जागी
तीनशे ठेवले.
माझ्या मागे ड्वेन टॉलिव्हरचे बूट वाजले.
अशा वेळी मी पिसायला घ्यावं, असा अलिखित नियम.
काही बोलावं लागत नाही,
नुसता हात आखडायचा.

मी वाटलं.
त्याला राणी. मला छक्की.
त्याला राजा. वीस झाले.
तो तळवा आडवा फिरवून थांबला.
माझं पालथं पान उलटलं तर दश्शी.
सोळावर मला थांबता येत नाही.
माझ्या हाताला मर्जी नसते.
ओढलं.
पंजी.

गणित चुकलं नव्हतं.
हे मी कुणाला सांगू?
शंभर डॉलरमागे जेमतेम तीन डॉलरचं माप झुकतं त्याच्याकडे,
तेही लांबच्या पल्ल्यात,
आणि लांबचा पल्ला एका मंगळवारात मावत नाही.

ड्वेनने अदबीने त्याच्या खांद्याला हात लावला.
"आमच्या मानाने आपण फार चांगलं खेळता, साहेब.
फासे खेळा, चक्र खेळा, यंत्रं आहेत.
हे मात्र नको."
तीनशे हरलेल्या माणसाला!

वेंडेलने चमचा बशीत ठेवला, आवाज न करता.
"बत्तीस पोरं असायची," तो म्हणाला,
"चढताना मोजायची, उतरताना मोजायची."
मग माझ्याकडे बघून, हळूच:
"पंज्या किती उरल्या होत्या आत?"

बाप मोजताना बोलायचा नाही.
मीही बोलले नाही.

तो गेला तेव्हा अधिक तेरा होते.
कॉफी अर्धी होती.
ड्वेन म्हणाला, पिस आता.
सहाच्या सहा कॅट हिरव्या कापडावर पसरले,
कालवले, पुन्हा एक केले.
शून्य.

शाळेत हातचा वर लिहायचो,
बारीक, पेन्सिलीने,
बेरीज झाली की खोडायचा.
मी तळवे उघडून काचेला दाखवले.