शुपिक

या बायूत, सायप्रसच्या मुळांखाली,
पाणी जिथे कोऱ्या चहासारखं काळं होतं,
एक मासा राहतो.
त्याची नावं किती, हे विचारू नका.
नाव घेणारा कोण, ते विचारा.

चॉक्टॉ लोक म्हणाले शुपिक. चिखलातला.
त्यात शिवी नव्हती, नुसता पत्ता होता.
शहरातून मोटरबोटी घेऊन आले ते म्हणाले कुत्रा,
आणि गळ उपसून काठावर भिरकावला.
नाव ठेवलं, मग नावं ठेवली.

माझे वडील थिओजीन
गास्पारच्या कॅम्पवर मासे साफ करायचे.
बास लागला की पितळी पट्टी, बिअर, फोटो.
फोटोत वडिलांचा हात येई,
कोपरापर्यंत.

शुपिक हवा गिळतो,
म्हणून मरायलाही त्याला वेळ लागतो.
काम संपलं की वडील काठाकाठाने चालत,
ओल्या गोणपाटात दोन-तीन भरत
आणि अंधारात मागच्या दाराने घरी आणत.
मागच्या दाराची आम्हाला सवय होती.
कॅम्पवर त्यांचं जेवणही तिथूनच मिळे.

आई चूल पेटेपर्यंत त्याला जिवंत ठेवायची.
मेलेला पडून राहिला की मांसाचा कापूस होतो.
बोटवाल्यांना हे कुणी सांगितलं नव्हतं.
त्यांनी एकदा दुपारभर उन्हात ठेवून शिजवला असेल,
थुंकले असतील,
आणि ते थुंकणं धक्क्यावरच्या फलकावर रंगवलं गेलं:
खाण्यालायक नाही.

आई ॲल्युमिनियमच्या चमच्याने मांस खरवडायची.
कांद्याची पात, लाल तिखट, शिळा पाव.
गोळे तेलात पडले की वास गल्लीच्या टोकापर्यंत.
कुणी विचारलं तर कॅटफिश म्हणायचं.
कॅटफिशला तोवर थोडी इज्जत आली होती.

शाळेत मी एकदा खरं बोलले.
ऑडेलिया, आमच्याच रंगाची, आमच्याच चर्चची,
डबा उचलून सरकली.
बाकावर एवढी जागा झाली
की एक मासा आडवा झोपला असता.
त्या रात्री मी ताट लोटलं.

वडील रागावले नाहीत.
एप्रिलमध्ये होडीतून आत नेलं, वल्हं वर घेतलं.
"बघ."
गवतात गोल घरटं. हिरव्या परांचा नर,
शेपटीच्या मुळाशी काळा डोळा,
भोवती पिलांचा काळा ढग,
तो वळला की वळणारा.
वल्ह्याचं टोक जवळ नेलं तर चावला.
दातांच्या खुणा अजून आहेत लाकडावर.
"आई कुठाय?"
"अंडी घालून गेली. हा थांबतो."
आम्ही गळ न टाकताच परतलो.

कॅम्पवर म्हणत, राक्षस आहे, बासची पिलं खातो.
खातो. बासही खातो.
बासचा फोटो भिंतीवर.

आता गास्पारचा नातू याची अंडी विकतो.
काचेची इवलीशी डबी, सोनेरी झाकण,
माशाचं चित्र मात्र नाही.
न्यू ऑर्लिन्समध्ये म्हणे शिंपल्याच्या चमच्याने वाढतात;
धातू लागला तर चव बिघडते.

"अंडी काढल्यावर मासा कुठे जातो?"
मी त्याला विचारलं.
त्याने काठाकडे हात केला,
आजोबा करायचे तसाच.

गोणपाट नव्हतं. डोक्याचा रुमाल भिजवला.
एकाहत्तराव्या वर्षी चिखलात वाकणं म्हणजे
गुडघ्यांची मनधरणी.
तेल तापलं, खिडकी मुद्दाम उघडी ठेवली.
शेजारी नवी राहायला आलेली बाई
कुंपणावरून हसली, "काय शिजतंय एवढं छान?"

मी तोंड उघडलं,
आणि इतक्या वर्षांनीही
जिभेवर आधी कॅटफिशच आलं.