बरगे

एक, दोन, तीन...
सतराव्या आकड्याला त्यांचा घसा उघडतो,
म्हैस डोहातून तोंड वर काढते तसा.
मग घरघर, मग कूस बदलणं, आणि पुन्हा
एक.

बत्तीस वर्षं पाटबंधारे खात्यात काढली यांनी.
भोगावतीवरचा बंधारा यांच्या हातचा.
पाऊस सरला की बरगे घालायचे,
लोखंडी, एकावर एक, खाचेत ठोकून.
मे संपता संपता काढायचे.
नदी यांना विचारून वाहते, असं मी सासूला म्हणायचे.
आता उत्तरेश्वर पेठेत, माडीवरच्या खोलीत,
रात्री मी मोजते.

मला वाटायचं, घोरतायत म्हणजे झोप गाढ आहे.
सकाळी मात्र डोकं धरून बसायचे,
चहावर साय धरेपर्यंत डुलक्या.
मग पायताणाचा अंगठा घट्ट व्हायला लागला.
"चामडं आटलं," म्हणाले.
चामडं नव्हतं आटलं.

डॉक्टर मुजावरांनी रात्रभराचा कागद पसरला.
बोटाला चिमटा लावून काढलेली रेघ :
ब्याण्णव, एकाहत्तर, पुन्हा ब्याण्णव, पुन्हा खाली,
कागदभर करवतीचे दात.
म्हणाले, फुफ्फुस खुळं नसतं, काकू.
जिथं हवा पोचत नाही तिथं रक्त कशाला धाडा,
म्हणून तिथली नळी ते आवळून घेतं.
एका कोपऱ्यापुरतं हे शहाणपणच.
पण हवा सगळीकडंच तुटली, तासाला चाळीसदा,
तर सगळ्याच नळ्या आवळतात.
आवळायची सवय लागते.
भिंती जाड होतात,
आणि काळजाची उजवी बाजू ढकलत राहते,
ढकलत राहते.

मी डॉक्टरांकडं बघत होते.
हे खिडकीबाहेर.
"म्हणजे बरगे," म्हणाले.
"घातलेत, आणि काढायला माणूस न्हाई."
मग जरा वेळानं, स्वतःशीच :
"वरल्या अंगाला फुगवटा येणारच की.
पाणी काठ खातंय."
आणि टेबलाखाली पायानंच पायताण चाचपलं.

आता उशाला यंत्र आहे.
नाकावर मुखवटा, त्याला लोंबती नळी.
पहिल्या रात्री नातवानं गणपती म्हणून हात जोडले,
यांनीही आशीर्वाद दिला, मुखवट्यातून, अस्पष्ट.
यंत्र दाबानं हवा घालतं, घसा मिटू देत नाही.
डॉक्टर म्हणतात, काही नळ्या सैलावतील,
काहींचं आत्ताच सांगता येत नाही.
हे म्हणतात, गंजलेला बरगा निघतो,
पण खाचेशी भांडावं लागतं.

खोलीत आता नुसती हवेची सळसळ.
मला झोप यायला हवी.
गंगावेशीकडं दुधाच्या किटल्या वाजायला लागतात
तरी माझा हात त्यांच्या बरगडीवर.
एक,
वर येते.
एक,
खाली जाते.
दोनपर्यंत पोचताच येत नाही मला.