प्रकरण पहिले

पुस्तकातलं पहिलं वाक्य लांबलचक.
त्यात न्याय होता, मानवी प्रतिष्ठा होती
आणि क्रियापद पानाच्या तळाशी.

सारंगेरेलबाईंचं पहिलं वाक्य :
"कुत्रं धरा!"
उलानबातरच्या उत्तरेला, टेकडीवर,
कुठल्याही गेरच्या कुंपणाशी उभं राहून
आधी हे ओरडायचं.
कुत्रं नसलं तरी.
मग उंबऱ्यावर पाय न देता आत.

दोल्गोरआजी चुलीत कोळशाच्या विटा सरकवत होती.
बाहेर उणे एकतीस. पेनातली शाई गोठलेली;
ते मी काखेत धरलं, तापमापीसारखं.

रकाना एक. घरात माणसं किती?
चार, म्हणाली.
दिसत होती दोन, ती आणि नातू तेमूलेन.
तिसरी मुलगी, बुसानला.
चौथा नवरा. वारला त्याला नऊ वर्षं झाली,
"पण चहा त्याचाही टाकते."

रकाना दोन. जनावरं?
त्या हिवाळ्याआधी दोनशे सहा.
नंतर सात.
सातांचं शहरात काय करायचं, म्हणून शून्य.
नापास पोराचे गुण सांगावेत
तसं सांगितलं तिनं.

पुस्तक म्हणतं, घरी काही खाऊ-पिऊ नये,
अंतर राखावं.
ते जिथं लिहिलं गेलं तिथं
बहुधा दारांना बेल असते
आणि 'नको' कुणाच्या जिव्हारी लागत नाही.
वाडगा पुढे आला. दुधाचा चहा, मीठ घातलेला.
मी बाईंकडे पाहिलं.
बाईंनी बाही मनगटापर्यंत ओढली,
उजवा हात पुढे केला,
वाफेत चष्मा गेला त्यांचा.

मुलगी काय करते तिकडे?
म्हाताऱ्यांचं करते, दवाखान्यात.
एकीचे तर पाय रोज चेपते.
त्या बाईची लेक म्हणे कॅनडात असते.

चुलीत काहीतरी तडकलं.
पुस्तकाच्या मागच्या जगाच्या नकाशात
मी मनातच रेघ ओढत गेले,
कॅनडाहून बुसान, बुसानहून ही टेकडी.
पुढे कुठं न्यावी ते कळेना.

तेमूलेनची नोंद अजून गावाकडेच अडकलेली.
म्हणून शाळा नाही, कोळशाची सवलत नाही.
रकाना तीन, समस्या. दीड ओळ मोकळी.
पेन आता चालत होतं.
मी लिहिलं : शिक्का.

"आणि माणसं? चार लिहू?"
"चार लिही," बाई म्हणाल्या,
"कंसात दोन. कार्यालयाला दोनच लागतात."

उतारावर म्हणाल्या, मंगळवारी पुन्हा यायचं.
मोजे दोन घाल.