ताळा

रुवीच्या आमच्या फ्लॅटमध्ये सात महिने
एक समीकरण मुक्कामाला होतं:
किराण्याच्या बिलामागे, दुधाच्या खोक्यावर,
एकदा तर माझ्या पगारपत्रकाच्या कोऱ्या पाठीवर.
सुनेत्रा म्हणायची, "वाळू गाते.
आणि कुठल्या स्वरात, ते मी इथे बसून सांगते."
मी हिशेबनीस माणूस. म्हटलं, सांग.
तिनं पेन्सिलीनं आकडा लिहिला,
खाली दोनदा रेघ ओढली.

अल अश्खराच्या अलीकडे खल्फाननं टायरची हवा कमी केली.
त्याचे आजोबा म्हणत, टेकडी दुपारी बोलते,
दव सुकल्यावर; पहाटे तिची दातखीळ बसलेली असते.
सुनेत्रानं तेही वहीत टिपलं,
तिच्या आकड्याच्याच पानावर, पुढे प्रश्नचिन्ह घालून.

बारा वाजले.
खल्फान बसकण मारून उतारावरून घसरला
आणि आधी ओटीपोटात, मग कानात
आला तो आवाज,
जणू कुणी मिक्सर जमिनीत पुरून चालू केलाय.
मी टाळ्या वाजवल्या. ती गप्प.
पडद्यावर एकच सुळका हवा होता, उभा, टोकदार;
तिथे विस्कटलेल्या अंथरुणासारखा पसरट ढीग.
अकरा वेळा घसरलो. अकरा वेळा तेच.

जेवताना मी हळूच म्हटलं,
दोन-तीन नोंदी जवळपास जुळतात की;
बाकीच्या किरकोळीत टाक, आमच्याकडे टाकतात.
तिनं माझ्याकडे पाहिलं, ऑडिटर पाहतो तसं.
"टेकडीला माझं गणित ठाऊक नाही.
ती कशाला चुकेल?"

परतताना, इब्राच्या पंपापाशी,
खजुराची बी तोंडात घोळवता घोळवता थांबली:
"सगळे कण सारखे धरले होते मी.
पहिल्याच ओळीत.
सोपं जावं म्हणून."

आता रव्याची चाळणी वाळूला लागली आहे.
जाड, मध्यम, बारीक; बरण्यांवर चिकटपट्ट्या.
नवं भाकीत: निवडलेली वाळू एका स्वरात गाईल.
"आणि नाही गायली तर?"
"तर हेही गेलं," म्हणाली,
आणि जुन्या आकड्यावर काट मारली.
खोडरबर नाही वापरला.
चूक वाचता आली पाहिजे, म्हणे.

शुक्रवारी खल्फान पत्र्याची पन्हळ आणणार आहे.
तोवर उपम्यात कचकच.
मी काही बोलत नाही.
चावतो, ऐकतो.