खुंट

कळंबोलीच्या लोखंड बाजारामागं,
जिथं ट्रेलरांच्या सावलीत दुपारी क्लीनर झोपतात
आणि धर्मकाट्यावर कुत्री फुकटात वजन करून जातात,
तिथं माझं गॅरेज. पत्रा, दोन खड्डे,
मनात आलं तर फिरणारा पंखा.

हिराबाय भगताची शेवरले आली ती दोरीनं ओढत.
सहा सिलिंडर, पेट्रोल, माझ्याहून दोन वर्षांनी थोरली.
खाणीवर पाणी नेता नेता टाकी तीनदा बदलली, इंजिन तेच.
या वेळी डिस्ट्रिब्युटरची टोपी गेली होती.
आतून केसाएवढी काळी भेग.
खाडीची दमट हवा लागली की वीज तिच्यातून वाट काढायची,
जायचं एका घरी, शिरायची शेजारच्या.
तशी टोपी आता मिळत नाही. कुर्ल्यात नाही, कुठंच नाही.
"मना शोभंला नको," हिराबाय म्हणाली, "मना कामाला पायजे."

चाळीस वर्षं मी ती टोपी उघडत आलो.
आत एकटा रोटर,
दूधवाल्यासारखा दारोदार:
एक, पाच, तीन, सहा, दोन, चार.
पॉइंटची फट मी विडीच्या पुडक्याच्या कागदानं मोजायचो,
टायमिंग कानानं.
बुडखा मुठीत धरायचा, नखभर फिरवायचा,
इंजिन कुरकुरलं की मागं,
हसलं की बोल्ट आवळायचा.
हे शिकवता येत नाही, असं मी सांगत आलो.
खरं म्हणजे कुणी विचारलंच नव्हतं.

संघमित्रा, खांदा कॉलनीची,
स्कूटरवरून उतरली ती खोकं घेऊनच.
भंगारातल्या कारचा कॉइल पॅक,
वायरींचं भेंडोळं, एक मुकी काळी पेटी,
आणि तळोज्याला कापून घेतलेली चकती.
जागा छत्तीस दातांची, दात पस्तीस.
"एक राहिला," मी म्हटलं.
"राहिला नाही, ठेवला नाही.
जिथं दात नाही, तिथूनच मोजणी सुरू होते."
मी जिभेनं माझी खिंड चाचपली
आणि पान्हा शोधायला लागलो.

एक कॉइल दोघांना एकदम ठिणगी देते.
एकाबरोबर सहाला, पाचाबरोबर दोनाला, तीनाबरोबर चाराला.
त्यातला एक पेटतो.
दुसरा तेव्हा धूर बाहेर टाकत असतो,
त्याची ठिणगी त्या धुरातच विझते.
"म्हणजे निम्मी वाया?"
"निम्मी वाया. पण दारोदार फिरायला कुणी लागत नाही."

तिसऱ्या दिवशी डिस्ट्रिब्युटर उपटला,
भोकावर पत्रा ठोकला.
पहिल्याच सेल्फला गाडी लागली.
तिनं मांडीवरच्या लॅपटॉपवर दोन बटणं दाबली,
टायमिंग सरकलं.
माझी मूठ हवेतच होती, नखभर वळलेली.

"बंद कर!"
तेलाचा काटा शून्यावर आडवा.
ती माझ्याकडं बघत राहिली.
बोलायला मला वेळ लागला,
कारण हे मी कधी शब्दांत सांगितलं नव्हतं:
तो दांडा वर रोटर फिरवतो हे सगळे बघतात.
खाली त्याच्या टोकाला जीभ असते,
ती तेलाच्या पंपाच्या खाचेत बसते.
वर वीज वाटायची, खाली तेल चढवायचं.
वरचं काम गेलं. खालचं कुणी करायचं?

हॅकसॉ मीच घेतला.
टोपी, रोटर, पॉइंट, कंडेन्सर, सगळं पत्र्याच्या डब्यात.
मुंडकं उडवलेला खुंट परत भोकात उतरवला,
जीभ खाचेत बसली, हाताला कळलं.
काटा उठला.

हिराबायनं नोटा मोजल्या, दोनदा.
"मंग त्यो खुंट आता काय करतो?"
"फिरतो."
"दिसत नाय तो."
"नाही दिसत."
"बरा हाय," म्हणाली, आणि पोराला पुढं बसवलं.

संध्याकाळी संघमित्रानं विचारलं,
काट्याकडं बघायचं कसं सुचलं?
मी म्हटलं, काटा नंतर बघितला.
आधी टॅपेट कोरडे वाजले.
"कोरडे म्हणजे कसे?"
मी स्टुलावर नखानं वाजवून दाखवलं,
मग बोट तेलात बुडवून पुन्हा वाजवलं.
तिनं वही काढली, काहीतरी लिहिलं.
कसं लिहिलं असेल, कोण जाणे.