चौदा पेरं

नाताळाच्या आधीच्या रविवारी
मिद्यातच्या पलीकडे, आमच्या दगडी देवळात
नावांचं वाचन असे.
गोष्ट नाही, चमत्कार नाही,
कुणी बरा होत नाही, कुणी लाटांवर चालत नाही.
याला तो झाला, त्याला हा झाला,
झाला, झाला, झाला.
बायका शालीखाली पेंगायच्या,
आम्ही पोरं नखानं मेण खरवडायचो,
आणि मल्के शमाशा भर थंडीत घामेजून वाचायचा,
खोल विहिरीतून एकेक पोहरा ओढावा तसा.

मोजायला त्यानंच शिकवलं.
चार बोटांची पेरं बारा, अंगठ्याची दोन.
चौदा बाप एका हातात मावतात, म्हणे.
अब्राहामापासून दावीदापर्यंत तुझा उजवा हात,
तिथून बाबेलच्या वाटेपर्यंत डावा.
आणि तिसरे चौदा?
त्यांना हात शेजाऱ्याचा मागायचा.

मी कुणाचा मागितला नाही.
घरी चुलीपुढे बसून उजवाच परत वापरला,
तर करंगळीचं एक पेर उरलं.
पुन्हा मोजलं. पुन्हा उरलं.
ग्रंथात चूक म्हणजे केवढं पाप!
रात्रभर झोप नाही.

मल्केला आमच्या तालुक्यात बाप नव्हता.
म्हणजे वहीत होता.
कारकुनानं नाव विचारलं, याला सांगता येईना,
त्यानं टाक बुडवून 'अब्दुल्ला' लिहिलं.
ज्याचा बाप सापडत नाही त्याचा बाप अब्दुल्ला,
देवाचा दास.
त्या एका वहीत या अब्दुल्लाला इतकी मुलं झाली होती
की अब्राहामानं हेवा करावा.
पुढे आडनाव सक्तीचं झालं, तेव्हा कारकुनानं
खिडकीबाहेर बघून 'ताश' दिलं. दगड.
बाहेर तेवढंच दिसत होतं.
आईचं नाव मात्र कुणी विचारलंच नाही.
ते त्याला पाठ होतं.

म्हणूनच बहुधा, एवढ्या 'झाला-झाला'मध्ये
चार ठिकाणी त्याचा आवाज खाली यायचा:
तामारेपासून.
राहाबेपासून.
रूथपासून.
जी उरीयाची होती, तिच्यापासून.
आणि शेवटी, एवढे बाप मोजून झाल्यावर,
शेवटच्या नावाला 'ला' लागतच नाही,
नुसतं 'पासून' उरतं.
तिथे तो थांबायचा. पाणी प्यायचा.
फादर खाकरायचे.

मी त्याला देवळामागे गाठलं.
तिसऱ्या खेपेला एक पेर उरतं, म्हटलं. कोण राहिलं?
त्यानं डावा हात खिशातून काढला.
कधी काढत नसे.
करंगळी एका पेरानं आखूड होती.
"माझ्यावर बरोबर बसतं," म्हणाला.

मग, डाळिंब सोलावं तसं, सावकाश सांगितलं.
तलवारीचं वर्ष. चार वर्षांचा होता.
आईनं त्याला धान्याच्या कणगीत ढकललं,
वरून जड झाकण ओढलं.
बोट मध्ये राहिलं होतं.
तो ओरडला नाही.
आई घाईत होती.
एवढंच.
तिचं नाव शमूनी.

आता आम्ही सोडरटेल्येला असतो.
आमचं देऊळ विटांचं आहे, जमिनीखालून ऊब येते,
दाराशी मुलांच्या बर्फाच्या बुटांचा ढीग.
नावं कुणीतरी माइकवर वाचतो, भरभर,
नंतर कॉफी असते.
परवा नातीनं हातमोजा दातांनी ओढून काढला
आणि वाचनभर मुकाट मोजत राहिली,
जांभळं नेलपॉलिश, बारकी पेरं.
मग माझी बाही ओढली.
"गिद्दो, एक उरलं."

माझ्या दोन्ही हातांना सगळी पेरं आहेत.
दाखवणार काय?
तिच्या करंगळीचं टोक चिमटीत धरलं.
गार होतं.
म्हटलं, इथे एक बाई घाईत होती.